विचारा, सांगते : संगणकाची चावी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कॉलेजचा पहिला चेहरा म्हणजे ऑफिसची खिडकी, आणि त्या खिडकीमागच्या माणसाला शिकवण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. त्यावर बरीच पत्रं आली. पाच निवडली आहेत; आधी पत्र, मग माझं उत्तर. सगळ्यांची नावं झाकली आहेत, कारण प्रत्येकाला उद्या त्याच ऑफिसात जायचं आहे.

आमच्या कॉलेजात पदवीच्या वर्गांबरोबर गावातल्या मोठ्या माणसांसाठी सहा-सहा महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रमही चालतात. मी दोन वर्षांपूर्वी प्राचार्य झालो. ऑफिस, प्रयोगशाळा, ग्रंथालय मिळून चौदा कर्मचारी आहेत. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी पाच प्रशिक्षणं ठेवली. संगणक, संभाषण, ताणतणाव वगैरे. प्रमाणपत्रं दिली, फोटो काढले. कामात काही फरक नाही. आता प्रशिक्षण म्हटलं की दोघे-तिघे रजा टाकतात. काय चुकतंय? — एक प्राचार्य, डिचोली तालुका

सर, माझंच आधी सांगते.

१९८१ साली मी दक्षिण गोव्यातल्या एका कॉलेजात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ क्लार्क म्हणून लागले. तेव्हा आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती; गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी फॉर्म, रजिस्टरं, शिक्के सगळं बदललं आणि ते आम्ही कुणी न शिकवता, एकमेकींना विचारत निभावलं. पुढे १९९४ मध्ये मला संगणक शिकायला दहा दिवस पणजीला पाठवलं. रोज सकाळी कदंबची बस, जुवारी पूल, वहीत लिहून घेतलेल्या आज्ञा. मी मन लावून शिकले. परत आले तर कॉलेजातला एकुलता एक संगणक प्राचार्यांच्या केबिनशेजारच्या खोलीत, वर भरतकाम केलेलं कापड, खोलीला कुलूप. चावी मागायची तर कारण लिहून द्यावं लागे. दोन वेळा मागितली, तिसऱ्यांदा मागितली नाही. तीन महिन्यांत सगळं विसरले. प्रमाणपत्र मात्र सर्व्हिस बुकात लागलं.

दोन वर्षांनी दुसरे प्राचार्य आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून त्या खोलीची चावी दिली आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पगाराचं बिल यावर करा. पहिले तीन महिने हातानेही करा, दोन्ही ताडून बघू. चूक निघाली तर मी तुमच्याबरोबर बसेन." जानेवारीत आणि जुलैत महागाई भत्ता बदलला की प्रत्येकाच्या फरकाचा तक्ता करायला तेव्हा आम्हाला चार दिवस लागत. शाळेतल्या वहीसारखे आडवे कागद जोडून, पीएफ, विमा, सोसायटीचा हप्ता वेगवेगळ्या रकान्यांत. त्या जुलैत मी तो तक्ता एका दुपारी केला. पहिल्या महिन्यात चार चुका निघाल्या, तिसऱ्या महिन्यात एकही नाही. पणजीच्या वर्गात शिकवणारा मुलगा हुशार होता, त्याचा दोष नव्हता. मी शिकले ती चावी मिळाल्यावर, एक खरं काम माझ्या नावावर झाल्यावर, आणि चुकायला तीन महिन्यांची मुभा मिळाल्यावर.

म्हणून तुम्हाला एवढंच विचारते. तुमच्या पाचही प्रशिक्षणांनंतर दुसऱ्या दिवशी कुणाच्या हातात काय नवीन आलं? कुणाला एखाद्या पत्रावर स्वतः सही करायची मुभा मिळाली? कुणाच्या टेबलावरचं एखादं जुनं रजिस्टर कायमचं बंद झालं? काहीच बदललं नसेल, तर रजा टाकणारे कर्मचारी आळशी नाहीत. त्यांनी अनुभवावरून हिशेब केला आहे.

यंदा प्रशिक्षण ठरवण्याआधी एक करा. चौदा जणांशी वेगवेगळं बोला, अर्धा-अर्धा तास. केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसा. विचारा की कुठलं काम दोनदा करावं लागतं, कुठे माझ्या सहीसाठी कागद थांबतो, आणि विद्यार्थी असं काय विचारतात ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. ऐकताना लिहून घ्या. एका महिन्याच्या आत त्यातली एक तरी गोष्ट करून दाखवा, भले ती खिडकीवरचा पंखा दुरुस्त करण्याइतकी लहान असो. ती होईपर्यंत दुसऱ्या फेरीला बसू नका, कारण विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

विचारलं तर काय हाती लागतं, ते मी पाहिलं आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या कॉलेजात सांगे-केप्याकडची पुष्कळ मुलं होती. कुणाच्या घरचा ट्रक उभा, कुणाच्या वडिलांचं खाणीवरचं काम गेलेलं. फी भरायची मुदत संपत आली आणि आमच्या यादीत नावांपुढे नुसती रिकामी घरं. आम्ही नोटीस टाइप करायला घेतली, की इतक्या तारखेपर्यंत फी न भरल्यास नाव कमी होईल. तेव्हा आमचा शिपाई, ज्याला सगळे भाऊ म्हणत, सहज म्हणाला, "बाई, ही पोरं खिडकीपर्यंत येतात आणि परत जातात. मी रोज बघतो." तो वीस वर्षं कॉरिडॉरमध्ये बसत होता. कुठला मुलगा कुठल्या बसने येतो, कुणी दुपारचा भाजीपाव बंद केलाय, कुणाची बहीणही याच कॉलेजात आहे, सगळं त्याला माहीत. वीस वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यात मीही आले. त्या दिवशी प्राचार्यांनी त्याला बसवून घेतलं आणि यादीवर खुणा करायला सांगितलं. नोटीस निघाली नाही. हप्त्यांचा अर्ज निघाला, आणि तो मुलांच्या हातात द्यायचं काम भाऊकडे आलं, कारण मुलं त्याच्याशी बोलत. पुढे प्रवेशाच्या वेळी मदतीच्या टेबलावर तो बसू लागला. त्यासाठी संगणकावर विद्यार्थ्याची नोंद शोधायला तो पन्नाशीत शिकला, माझ्याकडूनच. दोन आठवडे लागले. त्याला ती गोष्ट हवी होती म्हणून लागले फक्त दोन आठवडे.

तुमच्या कौशल्य अभ्यासक्रमांबद्दलही एक सुचवते. एक दिवस तुमच्याच ऑफिसात फोन करून, नाव न सांगता, विचारा : "मी बेचाळीस वर्षांची आहे, दहावी झाले आहे, तुमच्या शिवणाच्या कोर्सला येऊ शकते का? पुढे त्याचा काय उपयोग?" माझी खात्री आहे की उत्तर "सरांना विचारा" असं येईल, कारण क्लार्कला त्या अभ्यासक्रमाबद्दल कुणी बसून काही सांगितलेलंच नसणार. पदवीला येणारी अठराची पोरं आणि चूल उरकून येणारी बाई यांच्याशी बोलण्याची रीत वेगळी. ती बाई पहिल्या फोनला बिचकली तर दुसरा फोन करत नाही. तुमच्याकडच्या संभाषणाच्या प्रशिक्षणाचा विषय हा असायला हवा होता.

आणि वेळ कामाच्या तासांतच द्या. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत नको, परीक्षेच्या काळात नको, चवथीच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको. एखाद्या शांत महिन्यात खिडकीवर पाटी लावा : आज अकरा ते एक ऑफिस बंद, कर्मचारी शिकत आहेत. विद्यार्थी समजून घेतात, मी अनुभवाने सांगते. बहुतेक ठिकाणी नॅकचं, म्हणजे कॉलेजाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन जवळ आलं की शेवटच्या चार महिन्यांत प्रशिक्षणांची रांग लागते, कारण किती जणांनी प्रशिक्षण घेतलं ते त्यात मोजलं जातं. मोजू द्या. पण तुमच्या स्वतःच्या वहीत दुसरा रकाना ठेवा : त्यानंतर या माणसाचं काम काय बदललं.

आम्ही दरवर्षी कर्मचाऱ्यांची सहल नेतो, वाढदिवसाला केक कापतो, दिवाळीला भेट देतो. तरी ऑफिसातलं वातावरण थंडच. आणखी काय करावं? — संस्थेचा एक पदाधिकारी, फोंडा

सहल चालू ठेवा, लोकांना ती आवडते. पण त्यातून ज्याची अपेक्षा करता ते वेगळं आहे. एखाद्याचं बढतीचं प्रकरण दोन वर्षं टेबलावर पडून असेल, तर केक त्याच्या घशाखाली उतरत नाही. या आठवड्यात सगळी प्रलंबित प्रकरणं मागवा : बढती, रजेचं रोखीकरण, वैद्यकीय बिलं, सर्व्हिस बुकातल्या अपुऱ्या नोंदी. प्रत्येकाला त्याच्या प्रकरणाचं काय झालं ते तोंडी सांगा, उत्तर नकाराचं असलं तरी. मग पुन्हा लिहा.

माझी सून कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. ती म्हणते, त्यांच्याकडे वर्ग न घेता फक्त शिकण्यासाठी ठरवलेले दिवस असतात आणि ऑफिसच्या लोकांनाही त्यात स्थान असतं. हे खरं का? आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय? — एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा

सूनबाई बरोबर सांगतात. अमेरिकेत ही कॉलेजं दोन वर्षांची, घराजवळची, कमी फीची. कुणी तिथून पुढे विद्यापीठात जातो, कुणी नर्सिंग किंवा गाडी दुरुस्ती शिकून कामाला लागतो, कुणी चाळिशीत पुन्हा शिकायला येतो. पहिलं सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यात जॉलिएट इथे १९०१ मध्ये निघालं. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ जिल्हा-मंडळांखाली, आणि जवळजवळ सगळ्या मंडळांचे विश्वस्त लोकांनी निवडून दिलेले असतात.

तिथे कॉलेजला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस अध्यापनाऐवजी शिकण्यासाठी आणि काम सुधारण्यासाठी वापरता येतात. त्यांना फ्लेक्स दिवस म्हणतात. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती अट : शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना काय शिकण्याची गरज आहे याची कॉलेजने आधी विचारपूस करायची, आणि कार्यक्रम ठरवायला सल्लागार समिती नेमायची. १९८८ च्या एका मोठ्या सुधारणा कायद्याने प्राध्यापकांबरोबर कर्मचाऱ्यांच्याही विकासासाठी निधी ठेवला. २०१४ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, त्यातही ऑफिस आणि देखभालीचे कर्मचारी स्पष्टपणे धरले आहेत. कॉलेजच्या कारभारात, त्यांच्यावर परिणाम होणाऱ्या निर्णयांत, त्यांना मत मांडण्याची संधी नियमानेच आहे. पैसा दरवर्षी पुरेसा येतो असं नाही. पण "क्लार्कला कशाला प्रशिक्षण?" हा प्रश्न तिथे नियमाने निकालात निघाला.

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत झाली, आणि २०१३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने योजना काढून चालू कॉलेजांतच असे अभ्यासक्रम सुरू करायला मदत दिली. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची आपली व्यवस्था मात्र जुनी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांना एचआरडीसी म्हणू लागले, आता ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. तिथला अभ्यासक्रम पुरा केला की बढतीला उपयोग होतो, म्हणून प्राध्यापक जातात. क्लार्कसाठी, लॅब अटेंडंटसाठी अशी शिडी नाही. सरकारी कॉलेजातल्यांना जुन्या गोव्यात एला इथल्या जिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळू शकतं. खासगी अनुदानित कॉलेजातल्यांनी बहुतेक वेळा आपलं आपण बघायचं. मला हे मनापासून खटकतं, कारण नवा कौशल्य अभ्यासक्रम सुरू झाला की त्याचा अर्ज, फी, हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र हा सगळा वाढीव भार त्याच खिडकीवर येतो.

मी केपे भागातल्या कॉलेजात सहा वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या पैशांवर शिकवते. दर जूनला नवीन ऑर्डर. स्टाफ रूममध्ये कपाट नाही, विभागाच्या बैठकीला बोलावत नाहीत, प्रशिक्षणाच्या यादीत नाव नसतं. विद्यार्थी मात्र माझ्याकडेच येतात. मी स्वतःला वाढवायचं कसं? — एक शिक्षिका

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. "शिकत राहा, फळ मिळेल" असं मी तुला लिहिणार नाही, कारण कायम जागा निघणं तुझ्या शिकण्यावर अवलंबून नाही आणि तुला ते ठाऊक आहे.

तुझ्या हातात आहे तेवढं सांगते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम घरून करता येतात, शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. वर्षाला एकच कर, पण तुझ्या विषयातला आणि अवघड असा. सहा वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी, वेळापत्रकं, घेतलेल्या तासांचा हिशेब आणि अनुभवाचा दाखला एका फाइलमध्ये ठेव. दाखला दर एप्रिलमध्येच माग. पाच वर्षांनी मागायला गेलीस तर प्राचार्य बदललेले असतात आणि ऑफिसात कागद सापडत नाहीत. मी त्या ऑफिसात होते, म्हणून सांगते.

आता तुझ्या विभागप्रमुखांसाठी, कारण हे मासिक तुमच्या स्टाफ रूममध्येही येतं असं तू लिहिलं आहेस. सर किंवा बाई, या शिक्षिकेला कायम करणं तुमच्या हातात नाही. बैठकीला बोलावणं आहे. पुढच्या सत्राचा पेपर ठरवताना तिचं मत विचारणं आहे. एक कपाट रिकामं करून देणं आहे. कॉलेजातल्याच कार्यशाळेला तिचं नाव घालायला सरकारी परवानगी लागत नाही, चहाचा एक कप जास्त लागतो. बैठक तिच्या तासांना जोडून ठेवा, कारण तिला पैसे तासाचे मिळतात आणि बैठकीसाठी वेगळी फेरी मारायची तर बसचं भाडं पदरचं. गेल्या वर्षी कुठल्या मुलांना कुठे अडलं हे विभागात सगळ्यात जास्त तिला माहीत आहे, ती मुलं तिच्याकडे जातात म्हणून. ती माहिती तुम्हाला नको आहे का?

नमस्कार ताई. मी पेडणे तालुक्यातला. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे, एकोणीस वर्षं झाली. नोकरी करत बी.ए. झालो, दूरशिक्षणाने. कॉलेजात कुणाला माहीत नाही. सांगितलं तर हसतील असं वाटतं. आता शिकून उपयोग काय, असं घरचेही म्हणतात. तुमचं काय मत? — एक वाचक

भाऊ, आधी तुमचं अभिनंदन. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून, रात्री पेडण्याला घरी पोचून, पुस्तक उघडायचं हे किती कठीण असतं याची मला कल्पना आहे. मी स्वतः बी.कॉम. नोकरीत असतानाच केलं.

सगळ्यात आधी पदवीची नोंद सर्व्हिस बुकात करून घ्या. साधा अर्ज, सोबत गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, मूळ प्रत दाखवायला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि महिनाभराने नोंद झाली का ते स्वतः बघून या. खात्यांतर्गत बढतीची संधी निघेल तेव्हा तुमचं नाव त्या कागदावरून वर येईल, नाहीतर कुणाला आठवणार नाही. भरतीचे नियम काय म्हणतात तेही हेड क्लार्कना विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे तुमचं लॅबमधलं ज्ञान. एकोणीस वर्षांत कुठलं रसायन किती दिवसांत खराब होतं, कुठल्या सत्रात कुठली काचेची उपकरणं जास्त फुटतात, पावसाळ्यात कुठल्या कपाटाला ओल येते, आम्लाची बाटली ओतताना पोरं नेमकी कुठे चुकतात, हे तुम्हाला पाठ असणार. ते लिहून काढा. मराठीत लिहा, दहा-पंधरा पानं पुरे. तारखा घाला. मग विभागप्रमुखांकडे ती वही घेऊन जा आणि म्हणा की नवीन वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सुरक्षेची पंधरा मिनिटं मला द्या, मी मुलांना दाखवतो. पदवीचं त्याच वेळी सांगा.

हसण्याची भीती मला समजते. मी पदवीचं सांगितलं तेव्हा एकजण हसला होता, आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या टायपिस्टने मला बाजूला घेऊन विचारलं होतं की फॉर्म कुठे मिळतो. तुमच्या कॉलेजातही असा कुणीतरी असेल, बहुधा तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

वहीची पहिली चार पानं झाली की मला एक प्रत पाठवा. शुद्धलेखन मी बघून देते, मजकुराला हात लावणार नाही. आणि सरांनी पंधरा मिनिटं दिली की नाही, तेही कळवा.